न चालणारी नाणी

बोरीबंदरावर उतरून जनरल पोस्टावरून दक्षिणेकडे चालू लागले, की रिझर्व्ह बँकेच्या परिसरात खांबांची, ग्रीक थाटाची एक जुनी वास्तू दिसते. ही मुंबईची टाकसाळ. १८२०च्या दशकात मेजर जॉन हॉकिन्स यांनी ती उभारली. आत वाफेची यंत्रे आली, आणि हातोड्याने नाणी पाडण्याचे दिवस या शहरापुरते सरले. आम्हां मराठीच्या मास्तरांना तिचे नावच अधिक आवडते. ‘टंकशाला’ झिजून ‘टाकसाळ’ झाली; तोच ‘टंक’ आज टंकलेखनात टकटक करतो आहे.

आत जायला तुम्हांआम्हांला मज्जाव. पण फोर्टाच्या गल्ल्यांतून जुन्या नाण्यांची दुकाने आहेत. तेथे तासभर बसले, की कळते : या टाकसाळीतून बाहेर पडलेली काही नाणी बाजारात जाण्यासाठी जन्मलेलीच नव्हती.

ही चाल जुनीच. मोगल आणि संस्थानी टाकसाळींत नजराण्याची नाणी वेगळी पाडत. नेहमीच्या रुपयाची चकती साच्याहून लहान असे, म्हणून अर्धी अक्षरे बाहेरच राहत. नजराण्याला रुंद चकती घेत, म्हणजे सगळा मजकूर उमटे. मिरवणुकीत उधळायची ती ‘निसार’. जहांगिराने १६१३ साली आग्र्यास हजार मोहरांचे एकच नाणे पाडले. वजन सुमारे बारा किलो! ते खिशात घालून बाजारास कोण निघणार?

आजचा संग्राहक प्रथम विचारतो, नाणे कशासाठी व कसे पाडले? ते किती चकचकीत आहे, हा प्रश्न मागाहून. नमुन्यादाखल, पुढे मंजूर होईल न होईल अशा आकृतीचे पाडले, तर ते ‘पॅटर्न’. झिलई दिलेल्या चकतीवर, झिलई दिलेल्या साच्याने, अधिक दाबाने, एकाहून अधिक ठोके देऊन पाडले, तर ते ‘प्रूफ’. त्याची पार्श्वभूमी आरशासारखी असते आणि वरची आकृती बहुधा दुधी. चलनी पद्धतीनेच पाडून, हाताळू न देता पाकिटात घातले, तर ते नुसते ‘अनसर्क्युलेटेड’. दुकानदार या दोहोंत खुशाल गल्लत करतात. प्रजासत्ताकाचा पहिला प्रूफ संच १९५० सालचा, रुपयापासून पैशापर्यंत सात नाण्यांचा. स्मारक नाण्यांची गंमत निराळी. बृहदीश्वर मंदिराच्या सहस्रपूर्तीनिमित्त २०१० साली हजार रुपयांचे नाणे निघाले. ते काढले कायद्याने, पण वाण्याकडे नेण्यासाठी नव्हे.

खरी डोकेदुखी पुनर्मुद्रणांची. कलकत्ता आणि मुंबई या टाकसाळी इंग्रजी अमदानीतले जुने साचे जपून ठेवीत आणि शौकिनांच्या मागणीवरून त्यांतून पुन्हा नाणी काढून देत. ही सोय १९७० साली बंद झाली. नाणे सरकारी, साचाही खरा. फक्त सालावर विश्वास नाही. कधी एका सालचा छापा व दुसऱ्या सालचा काटा अशी जोडी जुळते. तिला इंग्रज ‘खेचर’ म्हणतात, आणि मला ते नाव फार पटते. मेजर प्रिडमोर यांच्या १९७५ सालच्या सूचीचा आधार जाणकार आजही घेतात, तो मूळ आणि मागाहूनचे वेगळे काढण्यासाठीच.

गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी आमच्या शेजारच्या काकूंना घेऊन अशाच एका दुकानात गेलो होतो. नातीच्या कॉलेजची फी भरायची होती. काकांनी मागे ठेवलेली दोन नाणी त्यांच्या बटव्यात होती : गांधीजन्मशताब्दीची, १९६९ची, दहा रुपयांची. पंधरा ग्रॅमची, ऐंशी टक्के चांदीची. काका म्हणत, “यातलं एक साधं आहे, एक खास. मोडू नका.” खास कोणते, ते मात्र सांगायचे राहून गेले.

दुकानदाराने भिंग लावले. एकावर मुंबईची बारीक चौकट, शंकरपाळ्याच्या आकाराची. ते चलनी साच्याचे. दुसऱ्यावर इंग्रजी ‘बी’ अक्षर, कडा धारदार. म्हणजे प्रूफ. (१९९६ पासून त्या जागी ‘एम’ येऊ लागला.) काकूंचा चेहरा उजळला. मग त्याने नाणे दिव्याखाली तिरपे धरले. आरशावर वर्तुळाकार बारीक ओरखडे!

“घासलंय, मावशी.”

“लक्ष्मीपूजनाला दर वर्षी रांगोळीनं घासते की! काळं नाणं देवीपुढे कसं ठेवायचं?”

त्याने न हसता समजावले. प्रूफ हा जन्माचा प्रकार आहे. घासले, झिजले, तरी ते प्रूफच राहते. पण भाव उतरतो. त्याने सांगितलेला आकडा चांदीच्या दराहून थोडाच अधिक होता. फीच्या मानाने काहीच नव्हे.

काकूंनी क्षणभर विचार केला आणि साधे नाणे त्याच्यापुढे सरकवले. चांदीचाच भाव मिळायचा, तर हे द्यावे, म्हणाल्या. खास नाणे त्यांनी बटव्यात टाकून दोरी ओढली. उरलेल्या फीची तजवीज पाटल्या करतील, असे जिना उतरताना त्यांनी मला सांगितले. मग विचारले, “अहो सर, नुसत्या पाण्यानं धुतलं तर चालेल ना?”

चालेल म्हणालो, फक्त पुसताना कापड घासू नका, टिपून घ्या.