ताईचा मनीप्लँट

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी प्रत्येकाने स्वतःला आलेला अनुभव लिहायचा, पुस्तकातला नको, असे गुरुजींनी सांगितले. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी पूर्णगड किल्ल्यावर लिहायचे ठरवले. किल्ल्यावर दर वर्षी तिघे-चौघे लिहितातच. म्हणून मी आमच्या घरातल्या एका झाडाविषयी लिहीत आहे. यात माझी चूक आहे. ती लपवली तर मग लिहायला काही उरतच नाही.

माझी ताई नर्सिंग शिकायला जूनमध्ये रत्नागिरीला गेली. तिच्याकडे एक मनीप्लँट होता. दोन वर्षांपूर्वी मावशीने मुंबईहून येताना तीन पानांचा तुकडा ओल्या कागदात गुंडाळून आणला होता. ताईने तो चिनी मातीच्या चकचकीत कुंडीत लावून पडवीतल्या खिडकीशी ठेवला. वेल वाढत वाढत पार वाशापर्यंत गेला. जायच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून ती म्हणाली, "तिकडं खोलीत जागा नाही. हा आता तुझा. गणपतीला येईन तेव्हा बघेन." एवढे बोलून ती एस.टी.त बसली. मला रडू येत होते, पण मी रडले नाही. घरी येऊन झाडाला तांब्याभर पाणी घातले.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी एक तांब्या आणि शाळेतून आल्यावर एक तांब्या पाणी घालू लागले. एक दिवस चुकवला नाही. मला वाटे, आपण किती काळजी घेतो!

जुलै महिना कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा याच दिवसांत. आठ-आठ दिवस ऊन नाही. वाळत घातलेले कपडे चुलीवर धरावे लागतात. अशात मनीप्लँटचे एक पान पिवळे पडले, मग तीन, मग सात. मी पाणी वाढवले. शेणकाला करून घातला. पाने आणखी गळली.

मग सगळ्यांनी आपापले निदान केले. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागली, काळा दोरा बांध. काका म्हणाले, युरिया घाल. आईला वाटले, खारं वारं लागलं. मला ते पटले, कारण २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा परसातल्या झाडांची पाने खाऱ्या वाऱ्याने करपलेली मी पाहिली होती. पण यंदा तर वादळ नव्हते. मग खारे आले कुठून?

आणि मला धाकटा भाऊ आठवला. तो खाडीवरून बालदीत कुर्ल्या आणतो आणि बालदी नेमकी कुंडीशेजारी ठेवतो. मी आईला सांगितले, "यानंच खारं पाणी ओतलं." मी पाहिले नव्हते. तरी सांगितले. आईने त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले. "मी नाय वतलं, मी नाय वतलं," असे म्हणत तो रडत राहिला आणि न जेवताच झोपला. मला तेव्हा काही वाटले नाही, हे खरे सांगते.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना औषध विचारले. कोळेरोगाला बाबा सुपारीवर मोरचूद आणि चुना फवारतात, ते चालेल का म्हटले. गुरुजींनी उलट मलाच प्रश्न घातले. "पिवळी पडली ती पानं वरची की खालची? नुसती कड करपली की सगळं पान मऊ झालं? माती हाताला कशी लागते?" मला एकाचेही उत्तर देता येईना. दोन महिने मी रोज दोनदा त्या झाडापाशी जात होते आणि मला काहीच माहीत नव्हते. गुरुजी म्हणाले, "आधी नीट बघून ये, मग औषध विचार. खारं लागलं तर पानाचं टोक नि कड तपकिरी होऊन वाळते. पाणी कमी पडलं तर पान मलूल होतं, कुरकुरीत होतं. माती मात्र कोरडी असते. जा, बघ."

घरी येऊन बघितले. पिवळी पाने सगळी खालची होती. कडा शाबूत, पान मात्र मऊ, शिजल्यासारखे. खोड मातीजवळ काळे पडले होते. खराट्याचा एक हीर मातीत खुपसून बाहेर काढला, तो काळा चिखल घेऊनच आला आणि त्याला खाजणातल्या कुजक्या चिखलासारखा वास येत होता. बाबांनी कुंडी आडवी केली तर तिच्यातून पाणी वाहिले. अख्खी कुंडी उलटीसुलटी करून बघितली. तिला बुडाशी भोकच नव्हते! मुळे तर भिजल्या दोऱ्यासारखी झाली होती. चिमटीत धरून ओढली की साल सुटून यायची आणि आत नुसता तंतू राहायचा.

आजी ओटीवरून म्हणाली, "अगो, तू त्याला बुडवून मारलंस."

मी काही न बोलता आत गेले.

गुरुजींनी नंतर समजावून सांगितले. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते. पाणी सारखे भरलेले राहिले की हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि मेलेल्या मुळांवर कुजवणारे जंतू बसतात. मुळे गेली की पानांना पाणी पोचत नाही. म्हणजे कुंडीत पाणी भरलेले आणि झाड तहानलेले! ते पाहून मी आणखी पाणी घालत होते.

मला एक शंका आली ती मी विचारली. आपल्या मुचकुंदीच्या खाडीत तिवरं दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्यात असतात, भातही पाण्यात उभे असते, त्यांची मुळे का कुजत नाहीत? गुरुजी खूश झाले. म्हणाले, ओहोटीला तिवराखालच्या चिखलात पेन्सिली रोवल्यासारखं काय दिसतं? ती त्याची हवा घेणारी मुळं. आणि भाताच्या अंगात वरून खाली हवा जायला पोकळ्या असतात. मनीप्लँटपाशी असली सोय नाही. (पुढच्या वेळी ओहोटीला जाल तेव्हा वाकून जरूर बघा. मी लहानपणापासून त्या टोकांवर पाय आपटून घेत आले, पण ती नाकं आहेत हे ठाऊक नव्हते.)

मुळे सगळी गेली होती, पण वेलीचा वरचा भाग हिरवा होता. नागपंचमीच्या आधीच्या रविवारी आम्ही काळ्या भागाच्या बरेच वरून वेल कापला आणि पाच तुकडे केले. प्रत्येक तुकड्याला एक पान आणि एक पेर ठेवले, कारण मूळ पेरातूनच फुटते. कापताना माझा हात खाजला. आजी म्हणाली, हे अळवाच्या जातीचं दिसतं. आणि ते खरेच निघाले. मनीप्लँट, अळू, सुरण सगळे एकाच कुळातले. त्यांच्या अंगात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तेव्हा घरात रांगते मूल असेल तर वेल उंचावर ठेवावा.

हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ नावाच्या बेटावरचा. त्याला फूल जवळजवळ कधीच येत नाही. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य त्याच्या अंगात पुरेसे तयार होत नाही, असे शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवले. फूल नाही म्हणून बी नाही. म्हणजे कुणाच्याही घरचा मनीप्लँट हा दुसऱ्या कुठल्यातरी मनीप्लँटचा तुकडाच असतो.

तुकडे बाटल्यांतल्या पाण्यात ठेवायचे ठरले, तेव्हा आईच म्हणाली, "पाण्यानं मेलं नि परत पाण्यातच?" पाण्यात फुटलेली मुळे पाण्यातच राहायला सरावतात आणि ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते, असे गुरुजींनी सांगितले. म्हणून पाणी दर आठवड्याला बदलायचे. पान बुडवायचे नाही, फक्त पेर बुडवायचे.

त्या रात्री मी आईला खरे काय ते सांगितले. आई मला काही बोलली नाही. भावाला हाक मारून म्हणाली, "तुझी ताई काय म्हणते ऐक." मला तेच सगळे त्याच्यापुढे परत म्हणावे लागले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग एक बाटली मला दे." मी त्याला सगळ्यांत लहान तुकडा दिला. हेही खरे सांगते. त्याने तो खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत ठेवला.

माझ्या चारांतले दोन कुजले. भावाच्या तुकड्याला बाराव्या दिवशी तांदळाच्या कणीएवढे पांढरे टोक आले. तो सगळ्या आळीला दाखवून आला. माझ्या तुकड्यांना त्यानंतर आठवड्याने मुळे फुटली.

ताई चतुर्थीच्या आदल्या दिवशी आली. चपला काढायच्या आत तिने खिडकीकडे बघितले. वाशापर्यंतचा वेल नाही, नुसत्या तीन बाटल्या. मी काय काय बोलायचे ते पाठ करून ठेवले होते, पण सगळे एकदमच सांगून टाकले, भावाच्या माराचेसुद्धा. ताईने कोपऱ्यातली रिकामी कुंडी उचलून तिचा बूड बघितला. "भोक नाही हे मलाच कुठं ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला पाणी घालायचा कंटाळा. आठवड्यातून एकदा घालायचे, तेही आठवलं तर. त्यावर जगला बिचारा." मग ती भावाजवळ बसली आणि कुर्ल्या कुठे मिळाल्या ते विचारत राहिली.

परत जाताना तिने माझी एक बाटली नेली. एवढीशी बाटली खोलीत चालेल म्हणाली. दुसरा तुकडा आम्ही बुडाला भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावला आहे. भोकावर खापरी, वर माती, वाळू आणि शेणखत. वाळू नदीची घेतली, किनाऱ्यावरची खारट असते. पाणी घालायच्या आधी मी हीर खुपसून बघते.

भावाने आपली बाटली कुणालाच दिली नाही. ती त्याने शाळेला दिली. या भित्तिपत्रकाच्या उजवीकडच्या खिडकीत आहे ती हीच. पहिले नवे पान अजून गुंडाळलेले आहे. पालकांना विनंती की तिच्यात पाणी घालू नये. तिसरीतला माझा भाऊ ते दर शनिवारी स्वतः बदलतो.

— इयत्ता सातवी