एकनाड

आमची एकनाड आहे. पत्रिका बघून लग्न झालेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगते: ३६ गुणांपैकी ८ नाडीचे, आणि दोघांची नाडी एकच आली की ते आठही गेले. संततीला बाधा येते म्हणतात. आम्ही तरीही लग्न केलं. सहा वर्षं मूल झालं नाही. रिपोर्ट दोघांचे नॉर्मल, पण भारतातून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये ती नाडी असायचीच. माझाही हळूहळू तिच्यावर विश्वास बसू लागला होता.

सातव्या वर्षी झालेली लेक आता समुद्री जीवशास्त्र शिकते. तिच्याकडून मला सी अर्चिन कळले. काटेरी गोळे, सुशीच्या दुकानात 'उनी' म्हणून मिळतात ते यांचेच प्रजननाचे अवयव. (मी खाल्लं नाही.) यांचं मीलन उघड्या पाण्यात. मादी अंडी सोडते, नर शुक्राणू, आणि पुढचं सगळं लाटांवर. शुक्राणूच्या टोकाला बाइंडिन नावाचं प्रथिन असतं. अंड्यावरच्या प्रथिनाशी ते जुळलं, तर शुक्राणू चिकटतो. एकाच जातीतही काही जोड्या चटकन जुळतात, काही रेंगाळतात.

मला वाटलं, झालं, इथेही गुणमेलन! पण डॉन लेव्हिटन यांनी तांबड्या अर्चिनांवर केलेलं काम लेकीने समजावलं. अर्चिन विरळ असतील तर चटकन जुळणाऱ्या जोड्यांचं फावतं. दाटी असेल तर त्याच जोड्या अडचणीत येतात, कारण एका अंड्यात दोन-तीन शुक्राणू शिरतात आणि गर्भ मरतो. तिथे रेंगाळणारेच बरे. म्हणजे जोडी तीच, पाणी बदललं की निकाल उलटा. फरसाठी माणसांनी समुद्री ऊदमांजरं जवळजवळ संपवली, म्हणून त्यांचं खाद्य असलेले अर्चिन माजले. हा प्राणी शंभराहून जास्त वर्षं जगतो, त्यामुळे म्हातारे आणि तरुण शेजारी-शेजारी तपासता येतात. गेल्या सुमारे २०० वर्षांत त्यांच्यातल्या या प्रथिनांच्या प्रकारांचं प्रमाण बदललेलं दिसलं. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं.

यावरून पत्रिका खरी की खोटी ते ठरत नाही. अर्चिनांना तिच्याशी काय देणंघेणं? पण ती सहा वर्षं सगळे आम्हा दोघांनाच तपासत होते, पत्रिकेवाले आणि डॉक्टरही. नवं शहर, रात्रपाळ्या, आठवड्यातून जेमतेम एक जेवण एकत्र, याबद्दल कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

"मग आमचं कुठे अडलं होतं गं?" मी लेकीला विचारलं.

"माणसांत बाइंडिन नसतं, आई," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आजीला सांगू का?"



सासूबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आमचीही एकनाडच होती. तेव्हा तुला सांगायला हवं होतं."