टांगलेल्या पिशवीबद्दल

ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पिशवी टांगणाऱ्यांना मी बरीच वर्षे नावे ठेवली. ट्रायपॉड मुळातच दणकट आणि जड घ्यावा, तो वाहायची तयारी नसेल तर मोबाइलवर फोटो काढावेत, असे माझे सरळ म्हणणे. हलका ट्रायपॉड घ्यायचा आणि मग त्याला दगडगोटे बांधत बसायचे, हा मला काटकसरीच्या नावाखाली केलेला आळस वाटे. दाखल्यासाठी मी विल्यम लॅम्बटनला पुढे करायचो. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा हा माणूस 1823 साली आपल्या हिंगणघाटला वारला. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा. अचूकपणा हवा तर वजन वाहा, हे मी त्याच्या जिवावर ठासून सांगे.

ते मत प्राणहिता नदीकाठच्या सिरोंचात ढिले पडत गेले.

उन्हाळ्यात प्राणहिता आक्रसते आणि काठापासून पाण्यापर्यंत नुसती वाळू उरते. सकाळी आठालाच ऊन चटके देऊ लागते. अशा वाळूत जड ट्रायपॉड खांद्यावर घेऊन निघालेला माणूस पाण्यापर्यंत जात नाही. काठावरूनच फोटो काढून परततो. माझे तसेच चालले होते. फोटो स्थिर, पण सगळे एकाच जागेवरून काढलेले. अहेरीचा एक शिक्षक मित्र मात्र कार्बन फायबरची काडी बगलेत मारून पार धारेपर्यंत जाई. मला म्हणाला, “भाऊ, वाळूच्या गावाले वजन घेऊन कायले येता जी?” तो खिशातून एक रिकामे पोते काढी, जागेवर वाळू भरी आणि हुकाला अडकवी. पोते मिरचीचे होते. (या भागात मिरची भरपूर पिकते. पहिल्या दिवशी शिंका आवरेनात, आणि शिंकणाऱ्याच्या हातात केबल रिलीज असून उपयोग नसतो.)

मग मी त्याचे आणि माझे फोटो मोठे करून शेजारी शेजारी पाहू लागलो. मोकळे लटकणारे पोते वाऱ्यावर झुलत असे तेव्हा त्याचे फोटो माझ्यापेक्षा वाईट निघत. अर्ध्या सेकंदाच्या शटरला पाण्यातल्या झाडाची कड दुहेरी दिसे, कारण झुलणारे वजन ट्रायपॉडलाच सोबत हलवते. पण पोत्याचा तळ वाळूला टेकलेला आणि वरची दोरी ताणलेली असली की चित्र पालटे. वजन खाली ओढते, झुलत नाही. मधला दांडा वर काढलेला नसला तर आणखी बरे. तो वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एकच पाय उभा केल्यासारखे होते. माझी टीका पिशवीवर होती. ती टांगण्याच्या रीतीवर असायला हवी होती.

वाळूची एक वेगळी खोडी आहे. वजन लावल्यावर पाय हळूहळू रुततात आणि तिन्ही सारखे रुतत नाहीत. म्हणून पाय आधी हाताने दाबून घ्यावेत, खाली डब्यांची झाकणे किंवा चपटे दगड ठेवावेत, वजन लावून थोडे थांबावे आणि मगच फ्रेम ठरवावी. वजनाने सगळे जागेवर बसते असे समजणाऱ्याने सिरोंचा तालुक्याला लागून असलेला मेडिगड्डा बंधारा आठवावा. सुमारे 1.6 किलोमीटर लांब, 85 दरवाजांचा, 2019 मध्ये सुरू झालेला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे काही खांब खचले. तिथे वजनाची काय कमतरता होती? पायाखालची वाळूच सरकली होती.

कालेश्वरमकडे जाणाऱ्या गोदावरीच्या पुलावर तर पिशवीही हरते आणि माझा जुना जड ट्रायपॉडही. भरलेला ट्रक आला की पूल थरथरतो, आणि पुलावर जे उभे आहे ते पुलाबरोबर थरथरणारच. तिथे ट्रक जाऊ द्यायचा आणि मग बटण दाबायचे, एवढाच उपाय. तिथे उभा असताना लॅम्बटनच्या गटाची उरलेली गोष्ट मला पटली. त्याच्यानंतर काम हाती घेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने गंगेच्या सपाट मुलखात मनोरे बांधले, तेव्हा यंत्राचा खांब निरीक्षकांच्या उभे राहण्याच्या जागेपासून सुटा ठेवला, म्हणजे माणसांच्या पावलांचा कंप यंत्राला लागू नये. जड यंत्र जवळ असूनही त्यांनी कंप येतो कुठून हे आधी पाहिले होते. मी त्यांचा दाखला देताना फक्त वजन उचलले होते.

आता प्राणहिता-गोदावरीच्या संगमावर जाताना मी हलका ट्रायपॉड आणि रिकामी पिशवी नेतो. पिशवी कापडी, मिरचीची नव्हे. पण पूर्ण पक्ष बदलला असेही नाही. शेकरूसाठी लांब लेन्स लावली की हलक्या ट्रायपॉडचे डोके पिळवटते, आणि पिळवटण्यावर खालच्या वजनाचा इलाज चालत नाही. तिथे जाड पाय आणि भक्कम डोकेच लागते. त्या दिवशी जुना ट्रायपॉड गाडीतून उतरवतो, मित्र हसतो, आणि झाड रस्त्यालगतच शोधावे लागते.