नवा चाकू, जुनी मूठ

चातुर्मास लागून आठ-दहा दिवस झाले होते. सांगलीच्या पावसाने घराची दारे फुगली होती, आणि हळदीच्या अडत-दुकानात मालाची आवकही बेताचीच होती. अशा एका निवांत सकाळी, ग्रेनोबलहून सुटीवर आलेल्या लेकीने अप्पांच्या हातात कागदाची लहानशी पुडी ठेवली. सोडवून पाहिली तर आत घडीचा चाकू.

अप्पा क्षणभर काहीच बोलले नाहीत. या घरात भेट म्हणून चाकू यावा, हे प्रथमच घडत होते. भाजी ‘कापली’ असे म्हटलेलेसुद्धा आजींना खपत नसे. भाजी ‘सुधारायची’, हा शब्द शेजारच्या मारवाडी घरातून आला आणि आजींनी तो कायमचा ठेवून घेतला. त्यातून श्रावकाने टाळावयाच्या अनर्थदंडांत हिंसादान स्पष्टच सांगितलेले. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, विस्तव, अशा वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत, हे अप्पांनी पाठशाळेत पाठ केले होते.

लेकीला हे ठाऊक होते. ती हसून म्हणाली, “अप्पा, आधी एक रुपया द्या. तिकडे चाकू कुणी फुकट देत नाही. दिला तर स्नेह तुटतो म्हणतात.” अप्पांनी खिशातून रुपया काढून दिला. झोपाळ्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, “म्हणजे दान नव्हे, विक्री झाली. पण विकणाऱ्याला तरी कुठे सूट आहे, बाळ?”

विनोदात वेळ निभावली आणि अप्पा वस्तूकडे वळले. व्यापारी माणूस माल हाती आला की आधी तोलतो. तळहातावर चाकूचे वजन जाणवतच नव्हते. ५० ग्रॅमही भरेल की नाही, अशी शंका यावी. मिटल्यावर लांबी ११ सेंटिमीटर, पाते साडेआठ. बीचच्या लाकडाची फिकट, गोलसर मूठ, पात्यावर मुकुटाखाली आशीर्वाद देणारा हात कोरलेला. आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या सावुआ प्रांतात १८९० साली जोझेफ ओपिनेल यांनी असा चाकू प्रथम घडवला. पुढे लहान-मोठ्या आकारांना त्यांनी १ ते १२ असे क्रमांक दिले. हा त्यांतला ८ क्रमांकाचा. शेतकऱ्याने भाकरी-फळांसाठी खिशात बाळगावा, एवढीच त्याची मूळ ऐपत. घडण इतकी साधी की लाकूड, पाते, खिळा आणि दोन कडी यांपलीकडे त्यात काही नाही. त्यांतले फिरते कडे १९५५ साली आले. पाते उघडून कडे फिरवले की चाकू बोटांवर मिटण्याची भीती उरत नाही. अप्पांना सर्वांत आवडले ते हेच. धारेची स्तुती कोणीही करतो. धार आवरून धरणारी सोय करणाऱ्याचे डोके वेगळेच म्हणावे लागेल.

दोष मात्र दुसऱ्याच दिवशी दिसले. दमट हवेने लाकूड फुगले आणि पाते मुठीत रुतून बसले. नखाने ओढून निघेना. लेकीने मुठीचे टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटताच पात्याचे टोक अलगद वर आले. सावुआतली माणसे असेच करतात म्हणे. सफरचंदाच्या फोडी केल्या तर पाते काळवंडले. हे पोलाद न गंजणाऱ्या जातीचे नव्हे. पुसून कोरडे ठेवावे लागते. आजी म्हणाल्या, “आपल्या जुन्या विळीसारखेच की.” त्यांच्या लेखी ही प्रशंसाच होती.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी गल्ल्यातून अण्णांचा, म्हणजे आपल्या दिवंगत वडिलांचा चाकू काढला. सहज, दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत म्हणून. चाळीस वर्षे त्याने पोत्यांची सुतळी तोडली होती. सहाणेवर घासून घासून पाते निम्मे उरले होते. मूठ काळ्या लाकडाची, असे अप्पा लहानपणापासून समजत आले. पण नव्या मुठीवर लाकडाच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. जुनीवर एकही नव्हती. त्यांनी ती दिव्यासमोर धरली. झिजलेल्या कडेतून तपकिरी उजेड झिरपला, आत फिकट पट्टे दिसले. ते शिंग होते.

जे अण्णा कातडी पट्टा वापरीत नसत, कापडी पाकिटातच पैसे ठेवीत, त्यांच्या खिशात आयुष्यभर हे? अप्पांनी दोन दिवस विषय काढला नाही. अखेर एका संध्याकाळी, जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपल्यावर, त्यांनी आईसमोर तो चाकू ठेवला.

आजींनी हातही लावला नाही. “त्यांना माहीत होते,” त्या म्हणाल्या. “घेतल्यावर वर्षभराने कळले. पेठेतल्या सुताराने ओळखले. त्या रात्री जेवले नाहीत.”

“मग टाकला का नाही?”

“टाकला तर कुणीतरी उचलणार. कुणाला द्यावा तर चाकू दिल्याचा दोष. परत करावा तर दुकानदार दुसऱ्याला विकणार. म्हणाले, माझ्या हातून घेतला गेला, माझ्याच हाती झिजू दे. म्हणून दुसरा घेतला नाही. तुम्हाला वाटे, अण्णा चिक्कू आहेत.”

वाटत असे, हे खरेच. दुकानातील हमालसुद्धा त्या निम्म्या पात्यावरून मागून हसत, आणि तरुणपणी अप्पाही त्यात सामील झाले होते. नवा चाकू घ्या, म्हणून वडिलांशी एकदा चारचौघांत त्यांनी वादही घातला होता. अण्णा तेव्हा काही बोलले नव्हते. खाली मान घालून सुतळीची गाठ सोडवीत राहिले होते.

लेकीने विचारले, “आजी, हा मी नेऊ? अण्णांची आठवण म्हणून?”

“नाही,” अप्पाच म्हणाले, आणि आजींनी त्यांच्याकडे वळून पाहिले.

जुना चाकू धोतराच्या एका तुकड्यात गुंडाळून पुन्हा गल्ल्याच्या आतल्या कप्प्यात गेला. दुसऱ्या सकाळी दुकानात राजापुरी हळदीची पोती उतरली. अप्पांनी नवा चाकू काढला, टोक गल्ल्याच्या कडेवर हलकेच आपटले, पाते उघडून कडे फिरवले आणि पहिल्या पोत्याची सुतळी तोडली. दुपारपर्यंत बीचची फिकट मूठ बोटांच्या ठशांनी पिवळी झाली होती.