काशीचे घड्याळ चुकत नाही

वाराणसीच्या मानमंदिर घाटावरील महालाच्या गच्चीत सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेले सम्राट यंत्र आहे. येणारे बहुतेक जण त्यावरील सावली मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहतात आणि ‘यंत्र बिघडले’ म्हणत जिना उतरतात. या निकालाआधी थोडे गणित करावयास हवे होते.

यंत्राची तिरकी भिंत क्षितिजाशी सुमारे २५.३ अंशांचा कोन करते. काशीचा अक्षांशही तोच. म्हणून ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते, आणि दोन्ही बाजूंच्या चापांवर सावली तासाला १५ अंश, म्हणजेच ४ मिनिटांत एक अंश सरकते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, काशी ८३ वर. अर्ध्या अंशाचा फरक २ मिनिटांचा, तो क्षुल्लक. खरा घोटाळा कालसमीकरणाचा. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य घड्याळाइतका नियमित नसतो. फेब्रुवारीच्या मध्यास तो १४ मिनिटे मागे पडतो. यंत्रावर बारा वाजतात तेव्हा मोबाइलमध्ये १२ वाजून १२ मिनिटे झालेली असतात. नोव्हेंबरच्या आरंभी तो १६ मिनिटे पुढे असतो. तेव्हा ११ वाजून ४२ मिनिटे. मुंबई तर प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे. फेब्रुवारीत तेथे सूर्याचे बारा वाजतात १२ वाजून ५३ मिनिटांनी. मग बिघडले काय म्हणावे, सूर्य की मोबाइल?

पुण्यात १८२१ साली जन्मलेले बापूदेव शास्त्री याच काशीत, संस्कृत महाविद्यालयात, गणित व ज्योतिष शिकवीत. त्यांनी केलेला सूर्यसिद्धान्ताचा इंग्रजी अनुवाद १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला.