सिंहगड आणि खिशातला पंप

"दमा काय म्हणतोय?" कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं: "एकदम कंट्रोलमध्ये!" परवा डॉक्टरांनी चारच प्रश्न विचारले. गेल्या ४ आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त त्रास झाला? निळा पंप दोनदापेक्षा जास्त लागला? रात्री दम्याने जाग आली? दम्यामुळे काही टाळलंत?

चारही उत्तरं 'हो'. दर रविवारी 'ऑफिसचं काम आहे' सांगून सिंहगडवाल्या मित्रांना टांग देत होतो की मी!

'सवय लागते रे,' असं आई म्हणाली म्हणून रोजचा स्टिरॉइडचा पंप बंद केला होता. निळा पंप श्वास तेवढ्यापुरता मोकळा करतो. श्वासनलिकांची सूज उतरवतो तो रोजचाच.

असो. पंप पुन्हा सुरू केलाय. या रविवारी मित्रांना खरं कारण सांगणार. गड काय, नंतर चढू.