केळापूरच्या वाटेवरील एक पाठ

नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवड्यालगत जगदंबेचे केळापूर वसले आहे. कापसाच्या व्यापारामुळे हा मुलूख व्यापारी कुटुंबांना अपरिचित नाही. मात्र महामार्ग सोडून कोलामांच्या पोडांकडे वळले की भाषाच पालटते. कोलामी ही द्राविड कुळातील बोली. घरी ती बोलणाऱ्या बालकास शाळेतील मराठी परदेशासारखी वाटते.

परक्या भाषेच्या मुलखात शिकवावयास जाणे म्हणजे काय, हे पंडिता रमाबाईंनी अनुभवले होते. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या मठात त्यांनी भगिनींना मराठी शिकविली व स्वतः इंग्रजी शिकल्या. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या एकाच वेळी विद्यार्थिनी व संस्कृतच्या अध्यापिका होत्या. अमेरिकेत बालोद्यान पद्धती अभ्यासून त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले.

ग्राहकाची बोली न जाणता सौदा जुळत नाही, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. पोडावरील शाळेतही तेच खरे. नव्या शिक्षिकेने आधी मुलांकडून कोलामी शब्द शिकावेत, मग फळ्यावर मराठी अक्षर काढावे. अन्यथा भाषा न कळल्याने मूल मुके बसते आणि पाहणारा त्यास मंद समजतो.